चौथाई, डेनगेल्ड आणि आमचा प्लॉट

गेल्या शनिवारी परत एकदा लोहगडला जाऊन आलो. सकाळची लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, भाज्याच्या अंगाने चढायला लागायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. कितवी खेप ते मोजणं मी केव्हाच सोडून दिलंय. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात लोहगडही आहे. तेव्हापासून रविवारी गणेश दरवाज्यात हिंजवडीच्या सिग्नलसारखी परिस्थिती असते, म्हणून आम्ही शनिवारी जातो. बाकीचेही आता असाच विचार करतात, त्यामुळे शनिवारीही तेच. असो.

यावेळी ऑफिसमधला एक बंगाली मित्र बरोबर होता. कोलकात्याचा, पुण्यात येऊन दोन वर्षं झालेला, आणि आमच्या टीममधला एकमेव माणूस जो रिलीजच्या आदल्या रात्रीही शांत झोपतो. विंचूकाट्याच्या टोकाशी बसून डबे उघडले. समोर पवनेचं पाणी, मागे विसापूर. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस बरोबर असला की माझ्यातला गाईड जागा होतो. मी सुरू झालो. सुरतेच्या लुटीतला खजिना इथे आणून ठेवला होता असं सांगतात, नाना फडणवीसांनी आपली संपत्ती ठेवायला हाच गड निवडला, मराठ्यांना सहा सुभ्यांची चौथाई मिळायची, पार बंगालपर्यंत...

"बंगालपर्यंत" म्हणालो आणि तो हसला. म्हणाला, "मेरी दीदा मुझे तुम लोगों के नाम से सुलाती थी।"

दीदा म्हणजे आईची आई. बंगालात एक अंगाई आहे म्हणे, घरोघरी म्हणतात. तिच्यात बर्गी देशात आल्याची गोष्ट आहे, आणि आता सारा कशातून भरायचा ही चिंता आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आपल्याकडे हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात पडून आहे आणि तिकडे अजून पोरं त्याच्या भीतीने झोपतात! त्याने अगदी सहज विचारलं, "जो पैसा यहाँ आता था, वो किसका था?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे उत्तर माहीत होतं, पण त्याच्याकडे बघून ते देता येईना. उतरताना आणि नंतर आठवडाभर तेच डोक्यात होतं. त्यातून हे पोस्ट.

आधी चौथाईचा हिशोब. मुलखाच्या ठरलेल्या वसुलाचा चौथा हिस्सा म्हणजे चौथ, आणि वर दहावा हिस्सा म्हणजे सरदेशमुखी. दोन्ही मिळून १०० मागे ३५. ही कल्पना मराठ्यांनी शोधलेली नाही. उत्तर कोकणातल्या रामनगरचा राजा दमणच्या पोर्तुगीजांकडून आधीपासून चौथ घ्यायचा. त्याचं राज्यव्यापी धोरण केलं ते शिवाजी महाराजांनी. १६७२ मध्ये सुरतेकडे चौथ मागताना त्यांनी दिलेलं कारण साधारण असं होतं की, तुमच्या बादशहामुळे मला माझ्या रयतेच्या रक्षणासाठी फौज ठेवावी लागते, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्याच प्रजेने द्यावा. हे कारण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. कागदावर त्या सुभ्यांचा वसूल १८ कोटींच्या आसपास धरलेला होता. हातात पडायचा त्याहून बराच कमी.

आता जरा लांब जाऊ. दहाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडवर डेन लोक, म्हणजे डेन्मार्ककडचे व्हायकिंग, जहाजं भरभरून यायला लागले. ९९१ साली माल्डनच्या लढाईत इंग्रज हरले आणि राजा एथेलरेडने त्यांना १०,००० पौंड देऊन परत पाठवलं. पौंड म्हणजे वजनी चांदीचे, एका पौंडाच्या २४० पेनी. तीन वर्षांनी ९९४ मध्ये ते परत आले, तेव्हा १६,००० दिले. १००२ मध्ये २४,०००. १००७ मध्ये ३६,०००. १०१२ मध्ये ४८,०००. आकडे बघा, एखाद्या सीनियर मॅनेजरला दर वर्षी इतकं इन्क्रिमेंट मिळत नाही. ही चांदी राजाच्या घरची नव्हती, ती जमिनीवर कर बसवून गोळा केलेली होती. या कराला पुढे डेनगेल्ड असं नाव पडलं. त्या काळातल्या इंग्लिश पेनी आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियाच्या जमिनीत जास्त सापडतात. स्वीडनमध्ये उल्फ नावाच्या एका गृहस्थाचा स्मारकदगड आहे. त्याने इंग्लंडमधून तीन वेळा, तीन वेगवेगळ्या म्होरक्यांच्या हाताखाली गेल्ड घेतलं, हे त्यावर अभिमानाने कोरलंय. आजच्या भाषेत ऑनसाईट तीनदा! त्याच्या गावचे लोक तो दगड दाखवत पाहुण्यांना गोष्टी सांगत असतील, मी विंचूकाट्यावर सांगत होतो तशाच.

या सगळ्यावर रुडयार्ड किपलिंगने १९११ मध्ये एक कविता लिहिली. तिचा सारांश एवढाच, की एकदा पैसे दिलेत की डेन तुमचा पिच्छा सोडत नाही. खंडणी, ओलीस, ब्लॅकमेल असा कुठलाही विषय निघाला की इंग्रजी पेपरात कोणीतरी ही कविता काढतंच. ऐकायला एकदम पटते. पण मला वाटतं हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आपल्या इतिहासात जास्त स्वच्छ दिसतं.

लोहगडावरून पूर्वेला बघितलं तर तळेगाव. तळेगाव दाभाडे म्हणजे आता आपल्याला एम.आय.डी.सी. आणि प्लॉटिंगच्या जाहिराती आठवतात, पण हे सेनापती दाभाड्यांचं गाव. खंडेराव दाभाडे शाहूंचे सेनापती आणि गुजरातेतली चौथाई हा त्यांचा प्रांत. १७३० मध्ये गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान या रोजच्या त्रासाला कंटाळला आणि त्याने बाजीराव पेशव्यांशी करार केला. चौथाई घ्या आणि बाकीच्या मराठ्यांना आवर घाला, असा त्याचा मथितार्थ. आता गंमत बघा. बाकीचे मराठे म्हणजे कोण, तर आमचे तळेगावकर! खंडेरावांचे चिरंजीव त्रिंबकराव तेव्हा सेनापती होते. त्यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. १ एप्रिल १७३१ ला डभईला पेशवे आणि सेनापती, दोन्ही छत्रपतींचेच नोकर, एकमेकांवर चालून गेले आणि त्रिंबकराव मारले गेले. तिकडे बादशहाला करार पसंत पडला नाही, सरबुलंदखानाची उचलबांगडी झाली. नवा सुभेदार अभयसिंह आला. त्याने दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा डाकोरला खून करवला. मग खंडेरावांच्या पत्नी उमाबाई दाभाडे स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर गेल्या आणि चौथाई कबूल करून घेऊन आल्या. तळेगावच्या सेनापतीणबाई म्हणून आपल्याला त्यांचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण अहमदाबादच्या एखाद्या दुकानदाराच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या सुभेदाराने पैसे एकाला कबूल केले आणि दारात आले दुसरेच.

बंगालात तर याची पुढची आवृत्ती निघाली. १७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. कलकत्त्याच्या लोकांनी इतकी धास्ती घेतली की गावाभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही. पुढे बुजवून त्यावर रस्ता केला, पण बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. (मित्राने फोनवर मॅप काढून दाखवली.) १७४३ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने डोकं लढवलं. त्याने थेट पेशव्यांनाच, म्हणजे नानासाहेबांना गाठलं. शाहूंना चौथाई कबूल केली, पेशव्यांना फौजेच्या खर्चापोटी २२ लाख दिले, आणि त्याबदल्यात पेशव्यांनी रघुजींना बंगालबाहेर हाकललं. एका मराठ्याला पैसे देऊन दुसरा मराठा घालवला. पण त्याच वर्षी साताऱ्याला शाहू महाराजांनी दोघांचं भांडण मिटवलं आणि बंगाल रघुजींच्या वाट्याला दिला. म्हणजे २२ लाख गेले ते गेलेच, आणि पुढच्या वर्षी भास्करराम परत हजर!

मग ३१ मार्च १७४४ ला अलिवर्दीने मनकरा इथे बोलणी करायला म्हणून बोलावून भास्कररामांना आणि त्यांच्या वीसेक सरदारांना तंबूत कापून काढलं. इथे मला एथेलरेड आठवतो. त्यानेही १००२ मध्ये २४,००० पौंड दिल्यावर त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या डेन लोकांची कत्तल करायचा हुकूम काढला होता. दोघांनाही वाटलं की विषय संपला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कचा राजा स्वेन इंग्लंडच्या किनाऱ्यावर होता, आणि १७४५ मध्ये रघुजी जातीने बंगालात.

इथपर्यंत किपलिंग बरोबर आहे असंच वाटतं. पण १७५१ मध्ये अलिवर्दी आणि रघुजी यांच्यात तह झाला. वर्षाला १२ लाख चौथाई आणि ओडिशाचा वसूल नागपूरकरांना, आणि सुवर्णरेखा नदी ही हद्द. त्यानंतर बंगालवरच्या स्वाऱ्या जवळजवळ थांबल्या. म्हणजे पैसे दिले आणि डेन गेला की! मग १७४३ ला जे जमलं नाही ते १७५१ ला कसं जमलं?

मला सुचलेलं उत्तर साधं आहे. १७४३ मध्ये अलिवर्दीने ज्याला पैसे दिले त्याचा शब्द बाकीच्यांवर चालत नव्हता. १७५१ मध्ये घेणारा एकच होता आणि परत लुटण्यापेक्षा दर वर्षी घरबसल्या १२ लाख मिळवण्यात त्याचा फायदा होता. सरबुलंदखानाचं गणित चुकलं ते याच ठिकाणी. एथेलरेडचंही तेच. १०१२ मध्ये ४८,००० पौंड घेऊन थॉर्केल नावाचा म्होरक्या त्याच्याच नोकरीत राहिला. पण थॉर्केलला पैसे दिले म्हणून स्वेन थोडाच थांबणार होता? १०१३ मध्ये स्वेनने इंग्लंड घेतलं, एथेलरेड पळून गेला, आणि १०१६ मध्ये स्वेनचा मुलगा कनूट राजा झाला. सगळ्यात मोठी वसुली या कनूटने केली, १०१८ मध्ये ७२,००० पौंड आणि वर एकट्या लंडनचे १०,५००. आता डेन हाच सरकार होता!

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पैसे देऊन शांतता विकत मिळत नाही, मुदत मिळते. त्या मुदतीत तुम्ही काय करता त्यावर सगळं आहे.

एथेलरेडच्या आधी १०० वर्षं आल्फ्रेड राजा होऊन गेला. त्यानेही ८७१ साली व्हायकिंगांशी तह केला होता, आणि तो पैसे देऊनच केला असावा असं बहुतेक इतिहासकार मानतात. पण आल्फ्रेडला कोणी भित्रा म्हणत नाही, त्याला 'द ग्रेट' म्हणतात. कारण त्याने पुढे लढून मिळवलेली उसंत वाया घालवली नाही. फौज दोन पाळ्यांत वाटली, म्हणजे अर्धे लोक शेतावर आणि अर्धे मोहिमेवर. आणि राज्यभर तटबंदीची गावं उभी केली, तीसच्या आसपास, त्यांची यादी आज उपलब्ध आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? मी ज्या गडावर बसून डबा खात होतो तो गडच १६६५ मध्ये देऊन टाकला होता. पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मिर्झाराजांना २३ किल्ले दिले, त्यात लोहगड होता आणि शेजारचा विसापूरही. वर्षाला चार लाख होनांचा मुलूख गेला. महाराजांकडे १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. त्या दिवशी मावळातल्या एखाद्या हवालदाराला काय वाटलं असेल? सगळं संपलं, असंच ना? पाच वर्षांत, १६७० मध्ये, लोहगड परत स्वराज्यात होता. शाळेत आपण पुरंदरचा तह धडाक्यात पाठ करतो, पण पैसे आणि किल्ले देऊन वेळ मिळवणं हा डावसुद्धा आपल्याच माणसाने किती नेमका खेळला होता, हे कोणी नीट सांगितलेलं आठवत नाही.

हा डाव आपल्यावर उलटलेलाही मावळानेच बघितलाय. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईची इंग्रज फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून आली. कार्ल्याला त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट, आपला इष्टूर फाकडा, मारला गेला. तळेगावला पोचतात तो गाव जाळून मोकळा केलेला, दाणा नाही की वैरण नाही. माघारी फिरताना वडगावात महादजी शिंद्यांनी आणि बाकीच्यांनी त्यांना गाठून कोंडलं. सुटकेसाठी इंग्रजांनी काय कबूल केलं नाही! साष्टीसकट १७७३ पासून बळकावलेला मुलूख परत, बंगालहून निघालेली फौज परत, महादजींना भडोचचा वाटा, त्यांच्या माणसांना ४१,००० रुपये, आणि वर दोन ओलीस. सही झाली, फौज सुखरूप मुंबईला गेली, आणि वॉरन हेस्टिंग्जने सांगितलं की हा तह आम्हाला मान्य नाही. बंगालची फौज आली ती आलीच, युद्ध १७८२ पर्यंत चाललं. आपल्याकडे वडगावचा विजय साजरा होतो. इंग्रजांनी कागदावर सही करून आख्खी फौज सोडवून नेली, हा भाग आपण हळू आवाजात वाचतो.

आता मित्राचा प्रश्न. पैसा कोणाचा होता?

चौथाईवर विद्वानांचा जुना वाद आहे. न्यायमूर्ती रानडे म्हणत की हा संरक्षणाचा मोबदला होता, वेलस्लीने पुढे तैनाती फौजेची जी पद्धत काढली तिचीच ही आधीची आवृत्ती. जदुनाथ सरकार म्हणत की कसलं संरक्षण, पैसे दिले की मराठे स्वतः लुटत नसत, एवढंच. मी इतिहासकार नाही, पण एक मराठी माणूस म्हणून मला वाटतं की गुजरात आणि बंगालपुरतं सरकारांचं म्हणणं मान्य करायला हरकत नसावी. सुरतेकडे मागितलेली चौथ आणि बंगालची चौथ एकाच नावाने ओळखली जाते म्हणून ती एकच होत नाही. १६७२ च्या मागणीमागे घराजवळचं, जिवावरचं कारण होतं. १७४२ मध्ये कटव्याच्या विणकराने आपलं काय घोडं मारलं होतं?

आणि नवाबाने तरी स्वतःच्या तिजोरीतून कुठे दिले? अलिवर्दीने जमीनदारांवर 'चौथ मराठा' नावाचा जादा कर बसवला, त्याची आकारणी १५ लाखांच्या वर होती. जमीनदारांनी तो कुळांकडून काढला. म्हणजे नागपूरला जायचे १२ आणि गोळा व्हायचे १५! इंग्लंडमध्ये डेन लोकांच्या फौजेसाठी लावलेला वार्षिक कर १०५१ मध्ये बंद झाला, पण नॉर्मन राजांनी तोच परत सुरू केला आणि तो ११६२ पर्यंत वसूल होत होता. तोवर शेवटचा डेनसुद्धा म्हातारा होऊन मेला होता. कर असा सहजासहजी जात नाही. रोज एक्सप्रेसवेवर टोल भरणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

म्हणजे ठरवणारा राजा, घेणारा सरदार, आणि देणारा तो, ज्याला कोणीच विचारलं नव्हतं. अंगाई त्याच्या घरात तयार झाली, आणि पोवाडा आपल्या.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितोय? कारण मी स्वतः खंडणी देतो.

तीन वर्षांपूर्वी मावळातल्या एका गावात आम्ही छोटा प्लॉट घेतला. बाबांची इच्छा होती, रिटायर झाल्यावर दोन झाडं लावायची. कंपाउंडचं काम काढलं त्या दिवशी संध्याकाळी एक भाऊ आले. अत्यंत नम्र. "साहेब, खडी, वाळू, विटा आपल्याकडनंच घ्यायच्या. बाहेरची गाडी आली तर पोरं ऐकत नाहीत." रेट बाजारापेक्षा बराच वर. मी जरा इंग्रजी मराठीत वाद घातला, बाबा म्हणाले, "देऊन टाक आणि विषय मिटव." दिले. पुढच्या वर्षी वॉचमनची खोली बांधायला घेतली तर दुसरेच लोक आले. आम्ही भाऊंचं नाव सांगितलं. "त्यांचा आमचा काय संबंध?" सरबुलंदखानाला नेमकं कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. परत दिले. त्याला आमच्या घरी आता 'मेंटेनन्स' म्हणतात.

एकदा भाऊंशी चहावर बोलणं झालं. ते म्हणाले, "साहेब, आमच्या वाडवडलांच्या जमिनी धरणात गेल्या, रस्त्यात गेल्या, उरल्या त्या तुम्ही लोकांनी घेतल्या. आमच्या पोरांना तुमच्या कंपनीत कोण घेणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १६७२ च्या पत्रात होतं तसं कारण इथेही आहे, आणि ते खोटं नाही. पण भाऊंच्या पोरांना जे मिळतं ते माझ्याकडून आणि माझ्यासारख्याच कोणाकडून. ज्याने धरणाचा आणि रस्त्याचा हिशोब द्यायला पाहिजे, त्याच्या दारात कोणी जात नाही. भाऊ नाही आणि मीही नाही.

आमच्या कामात याचा एक प्रकार रोज बघायला मिळतो, रॅन्समवेअर. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन कंपनीने हॅकर्सना ७५ बिटकॉइन दिले, तेव्हाचे ४४ लाख डॉलर. मिळालेलं डिक्रिप्शन टूल इतकं हळू होतं की त्यांना शेवटी स्वतःच्याच बॅकअपवर काम भागवावं लागलं. (पुढच्या महिन्यात एफ.बी.आय.ने बहुतेक बिटकॉइन परत मिळवले, पण ते नशीब सगळ्यांचं नसतं.) म्हणजे वाचवलं कोणी, तर आधी घेऊन ठेवलेल्या बॅकअपने. आल्फ्रेडची तटबंदी ती हीच.

इंजिनिअर माणूस, चेकलिस्ट केल्याशिवाय चैन पडत नाही. द्यायची वेळ आलीच तर तीन प्रश्न विचारावेत. ज्याला देतोय त्याचा शब्द बाकीच्यांवर चालतो का? मिळालेल्या मुदतीत मी काय उभं करणार आहे? आणि हे पैसे खरे कोणाच्या खिशातून जाणार आहेत? "कधीच देऊ नका" हे तटबंदीच्या आत बसून सांगायला सोपं आहे. किपलिंगच्या दारात कोणी बारगीर आला नव्हता.

मी या तीनही प्रश्नांत नापास आहे. भाऊंचा शब्द चालत नव्हता. मिळालेल्या दोन वर्षांत मी काहीही उभं केलं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे दाखवले फक्त. आणि जादा रेटचे पैसे माझ्या खिशातून गेले असं मला वाटत होतं, पण परवा आमच्या कंत्राटदाराने सांगितलं की त्याने ते मजुरांच्या रोजात बसवून घेतले. मजूर बहुतेक सगळे बंगालचे. हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

दिवाळीनंतर विहिरीचं काम आहे, तेव्हा परत कोणीतरी येणार. यावेळी आम्ही ११ प्लॉटवाले एकत्र बसलोय. काय यायचं ते सगळ्यांकडे मिळून येईल आणि उत्तरही सगळ्यांचं मिळून जाईल, लेखी. तक्रार द्यायची तर ती ११ सह्यांची. आणि कामावर गावातली पोरं घ्यायची, योग्य रोजाने, पावती करून, हेही ठरवलंय. भाऊंना सांगायला मीच जाणार आहे. जमेल की नाही माहीत नाही, भीती वाटते हे खरं. बाबा अजूनही "देऊन टाक"च म्हणतायत.

मित्राला सोमवारी कँटीनमध्ये सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, पैसा तुमच्या कुळांचा होता. तो म्हणाला, वो तो मुझे पता था, तुम बोलोगे या नहीं वो देखना था. मग म्हणाला पुढच्या ट्रेकला विसापूर करू. मी डबा आणायचं कबूल केलंय. ही मात्र आनंदाने दिलेली चौथाई.